गेरूच्या पाच रेघा

पाडव्याला आमच्या डोंगरकडा गावात दोघं उभे राहतात. एक गुढी आणि दुसरा सालदार. गुढीला निदान नवं लुगडं नेसवतात, गाठी घालतात, हळदकुंकू लावतात. सालदार नुसताच मालकाच्या ओसरीपुढं उभा असतो आणि त्याचं पुढचं वर्ष तिथं ठरतं. किती हजार, महिन्याला ज्वारी किती, कपडे किती, चपला कधी. सगळं ठरलं की मालक पानाचा विडा पुढं करतो आणि सालदार तो तोंडात घालतो. मग पुढच्या पाडव्यापर्यंत दोघांनीही शब्द फिरवायचा नाही. कागद नाही, सही नाही, अंगठा नाही. विडा खाल्ला म्हणजे साल धरलं.

माझ्या नवऱ्यानं, शिवहारनं, उत्तमरावांकडं असे नऊ विडे खाल्ले. पहिला खाल्ला तो १९९५ चा पाडवा. तेव्हा सालदार काही मागत नसे. मालक बोलेल त्याला 'व्हय' म्हणायचं आणि घोंगडं मिळालं तर दिवाळी. पण दोन हजार साल उलटलं आणि वारं फिरलं. पोरं पुण्याला निघाली, कुणी निजामाबादकडं गेली, कुणी ऊसतोडीला. सालदार मिळेना झाला, तशी त्याला जीभ फुटली. मसाजीनं आपल्या मालकाकडं सायकल मागितली आणि मिळवली. जळबानं आठवडी बाजाराची सुट्टी घेतली. परमेश्वरनं दवाखान्याचा खर्च मालकाच्या गळ्यात घातला, वर काळापांढरा टीव्ही मागितला. टीव्ही नाही मिळाला, पण मागितला याचंच गावाला कौतुक. पाडव्याच्या आधी महिनाभर मारुतीच्या पारावर दुसरा विषय नसायचा. कोण काय मागणार, कोणता मालक कितपत वाकणार.

या सगळ्या याद्या मी ऐकत होते. त्यात एक गोष्ट कधीच नव्हती, आणि ती मी रोज करत होते.

सालदार ठेवला की त्याच्यामागं त्याची बायको आलीच. तिनं रोज सकाळी मालकाचा गोठा झाडायचा, शेण काढायचं, टोपल्यानं उकिरड्यावर नेऊन टाकायचं. हे कुणी ठरवत नाही, बोलत नाही. बैलासोबत जशी दावण येते तशी ती येते. त्याचं तिला काय? तांब्याभर ताक, कधी कालची पोळी, संक्रांतीला वाण. उत्तमरावांच्या गोठ्यात अकरा जनावरं. नऊ वर्षं मी त्यांचं शेण काढलं. अमावस्येला आमच्याकडं बैल जुंपत नाहीत, म्हणजे बैलांना सुट्टी. सालदारालाही दुपारनंतर मोकळं सोडतात. पण बैल अमावस्येलाही शेण टाकतोच, त्यामुळं मला सुट्टी नाही. मी सातवी पास आहे. शिरड शहापूरच्या शाळेत गणितात माझा पहिला नंबर असायचा. पण एवढं साधं गणित मला नऊ वर्षं दिसलं नाही, याचा राग मला मालकापेक्षा माझाच जास्त आला.

उत्तमराव वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. ठरलेले पैसे ठरल्या दिवशी द्यायचे. शिवीगाळ नाही, हात उगारणं नाही. केळीचा मोठा बाग, दोन विहिरी, आणि बोलणं मवाळ. त्यांची बायको गोजरबाई तोंडानं फटकळ, पण पहिल्या बाळंतपणात तिनं मला डिंकाचे लाडू पाठवले होते. असल्या माणसांशी भांडणं फार अवघड असतं. वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं.

नवव्या सालात, माघ महिन्यात, माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, शिरड शहापूरला. मी गोजरबाईला विचारूनच गेले. ती म्हणाली, जा की, भावाचं लग्न काय दरवर्षी असतंय का. नवरीसाठी तिनं खणसुद्धा दिला. पाच दिवसांनी मी परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलं घेऊन गोठ्यात गेले. दाराच्या आतल्या बाजूला, चुना दिलेल्या भिंतीवर, गेरूनं ओढलेल्या पाच उभ्या रेघा होत्या. मला वाटलं, दुधाचा काही हिशेब असेल. गोजरबाईला लिहिता येत नाही, ती असल्याच रेघा मारते. मी काही विचारलं नाही.

रेघांचा अर्थ मला पाडव्याला कळला. २००४ चा पाडवा. सणाची सकाळ, दारोदारी गुढ्या, आणि मी गोठ्यात शेणात हात घालून बसलेली. ओसरी तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. उत्तमराव, त्यांचे चुलतभाऊ विश्वंभर आणि पुढं माझा नवरा. विश्वंभर दरवर्षी मधला माणूस म्हणून बसायचे. मधले म्हणजे मालकाच्या अंगाला लागून बसलेले. बोलणी चांगली चालली होती. पैसे वाढले, बाजाराची सुट्टी मिळाली, वर्षाला चपलांचे दोन जोड कबूल झाले. शिवहारच्या आवाजात हसू होतं. मलाही बरं वाटलं. त्याला मागता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

मग खाड्यांचा विषय निघाला. सालदार ज्या दिवशी कामाला येत नाही तो त्याचा खाडा. वर्षभरात जेवढे खाडे, तेवढे दिवस त्यानं आधी फुकट राबून भरून द्यायचे आणि मग नवं साल सुरू. उत्तमराव दारामागच्या कॅलेंडरवर पेनानं फुली मारत. शिवहारच्या चार फुल्या होत्या, तापाच्या. तेवढ्यात आतून गोजरबाईचा आवाज आला की भिंतीवर पाच अजून हायेत. उत्तमराव म्हणाले, मग नऊ झाले, नऊ दिवस भर आणि दहाव्या दिवसापासून साल धर. शिवहार 'व्हय' म्हणाला. त्यांनी विडा पुढं केला.

मी उठले. हात धुवायचं सुचलं नाही, आणि आता वाटतं ते बरंच झालं. तशीच शेणाच्या हातानं ओसरीपुढं जाऊन उभी राहिले.

"मालक, ते पाच खाडे कोनाचे?"

उत्तमरावांना राग आला नाही. ते हसले. "तुझेच की. भावाच्या लग्नाला गेलती न्हाई का?"

"माझे?"

"व्हय, तुझे."

"मंग माझं साल कितीचं व्हतं?"

विश्वंभरांनी सुपारी कातरायची थांबवली. मग ते म्हणाले की बाईचं कुठं साल असतंय, सालदाराच्या मागं बाई येतेच. माझ्या डोक्यात तोवर सगळं लख्ख झालं होतं. नऊ वर्षं मी कुणाच्या मोजणीत नव्हते. माझं काम कुणी मोजलं नाही, माझे दिवस कुणी मोजले नाहीत. आणि मोजलं ते काय, तर मी नसलेले पाच दिवस. ती मोजणी करून त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं की मी त्यांच्या कामावर आहे. गोजरबाईनं गेरूनं माझी नेमणूक भिंतीवर लिहून ठेवली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं.

"ज्याला साल न्हाई त्याचा खाडा कसा पडंल?" मी म्हणाले. "एक तर त्या रेघा पुसा, न्हाई तर मला बी इडा द्या. दोन्हीतलं एक."

आता उत्तमरावांचा आवाज बदलला. त्यांनी शिवहारला विचारलं, साल तू धरून राहिला का तुझी बायको? शिवहारच्या हातात विडा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मालकाकडं पाहिलं, आणि मला हळूच म्हणाला, घरी जा. मी गेले नाही. त्यानं तो विडा खाल्ला नाही. तबकात परतही ठेवला नाही. सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला आणि माझ्या पुढं चालू लागला. आमच्या गावात आजपर्यंत विडा एक तर तोंडात गेला होता नाही तर तबकात. खिशात गेलेल्या विड्याचं काय करायचं, याचा रिवाज कुणालाच माहीत नव्हता.

घरी आल्यावर तो माझ्यावर ओरडला. नऊ वर्षांत त्याच्यावर आवाज चढवायची कुणावर वेळ आली नव्हती, चारचौघांत मी त्याची शोभा केली, असं बरंच बोलला. त्याचं चुकत नव्हतं. आमच्याकडं दोन एकर बरड रान, त्यात पोटाला सुद्धा निघत नाही. हे साल गेलं तर आम्हाला बिऱ्हाड उचलून ऊसतोडीला नाही तर वीटभट्टीवर जावं लागणार होतं. पोरगी सीमा तिसरीत होती, तिची शाळा तिथंच संपली असती. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. मी त्याला एवढंच म्हणाले की ते पाच दिवस तुमी फुकट राबनार, माझ्या नावानं. तुमाला चालंल, मला चालनार न्हाई. त्यानं विडा कोनाड्यात ठेवला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला निघाला. मी दारात आडवी उभी राहिले. त्यानं डोक्याला टापर बांधत सांगितलं, "माझे चार मी भरतो. ते माझे हायेत. पाच माझे न्हाईत." आणि तो गेला. चार दिवस त्यानं केळीला पाणी दिलं, बैलं चारली आणि संध्याकाळी घरी आला. पाचव्या दिवशी तो उठला, तोंड धुतलं आणि ओट्यावर दोरी वळत बसला. माझ्या नवऱ्याला मोठ्यानं बोलता येत नाही. पण त्या दिवशी त्याच्यासारखं दुसरं कुणी गावात नव्हतं, आणि मी त्याला तसं सांगितलंही. तो लाजला.

मी मात्र पाडव्यापासूनच गोठ्यात पाय ठेवला नव्हता. हापशावर बायका विचारायच्या, आणि मी जे झालं ते सांगायची. कुणाला चिथवलं नाही. चिथवायची गरजच नव्हती, कारण हापशावरच्या निम्म्या बायका सालदारांच्याच होत्या आणि प्रत्येकीच्या मालकाकडं कुठं ना कुठं एक भिंत होती. जिवनबाई, मसाजीची बायको, मालकाच्या गोठ्यात जाऊन भिंत बघूनच आली. तिच्या नावाच्या अकरा रेघा निघाल्या, कोळशाच्या, आणि त्यातल्या सात ती बाळंत झाली तेव्हाच्या. ती दुसऱ्या दिवशी हापशावर कळशी आपटत होती. बायकांनी मला विचारलं, तू किती मागितले? मी आकडा मागितलाच नव्हता, मी नुसता विडा मागितला होता. मग त्यांनीच हिशेब केला. रोजानं निंदायला गेलं तर बाईला पंचवीस-तीस मिळतात, हे सकाळचं दोन तासांचं काम, म्हणजे महिन्याला तीनशे तरी. माझा पगार असा हापशावर ठरला.

उत्तमरावांना वाटलं, दुसरा सालदार आणू आणि विषय संपवू. त्यांनी शेजारच्या वाडीवरून रामकिशनला बोलावलं. रामकिशन त्याच्या बायकोला, रूपाबाईला, घेऊन आला. ही गोष्ट मला नंतर विश्वंभरांच्या घरून कळली. बोलणी झाली, पैसे ठरले, चपला ठरल्या, विडा पुढं आला. तेव्हा खाली पायरीवर बसलेल्या रूपाबाईनं पदर सावरून विचारलं, "आन माझा?" बातमी वाडीपर्यंत कधीच पोचली होती. आणि रूपाबाईनं तीनशेवर न थांबता साडेतीनशे सांगितले. रामकिशन तसाच परत गेला. उत्तमरावांनी आणखी दोन ठिकाणी निरोप धाडले. एक सालदार पुण्याला गेला होता. दुसऱ्यानं निरोप पाठवला की घरात विचारून सांगतो. घरात विचारून सांगतो, हे सालदाराच्या तोंडी आमच्या गावानं पहिल्यांदाच ऐकलं.

नवव्या दिवशी भर दुपारी गोजरबाई आमच्या दारात आली. एवढ्या वर्षांत ती आमच्या घरी कधी आली नव्हती. मी बसायला पोतं टाकलं. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून ती बसली. तिच्या नखांत शेण होतं. नऊ दिवस अकरा जनावरांचं तिनं एकटीनं काढलं होतं. पोरं हिंगोलीला शिकायला, सून अजून आलेली नाही, आणि उत्तमरावांनी टोपल्याला हात लावला नाही. मी पाणी दिलं. ती तांब्याभर प्याली आणि पदराच्या गाठीतून विडा काढून माझ्यासमोर ठेवला.

"मालकानं न्हाई लावला," ती म्हणाली. "मी लावलाय. गोठा मी बघते, मंग इडा बी मीच देनार."

मी विड्याला हात लावला नाही. आधी ठरवायचं आणि मग खायचं, हाच रिवाज. मी तीनशे म्हणाले. ती दोनशे म्हणाली, आणि ताक आहेच की. मी म्हणाले, ताक तुमच्या मर्जीचं, त्याचा हिशेब नको. पैसे पावणेतीनशेवर थांबले. मग मी अमावस्येची सुट्टी मागितली. तिला ते काही पटेना. ती म्हणाली, त्या दिवशी शेण कोण काढंल? मी म्हणाले, बैलाला सुट्टी देताना हे विचारलं होतं का कुणी? मग तिनं अमावस्या कबूल केली. भिंतीवरच्या पाच रेघा पुसायच्या, आणि यापुढं माझा खाडा माझ्याच पगारातून, शिवहारच्या दिवसांतून नाही, हेही कबूल केलं.

विडा उचलून माझ्या हातात देताना ती थांबली. दाराबाहेर बघत म्हणाली, "पंचवीस वर्सं झाली मला त्या घरात येऊन. मला न्हाई दिला कोनी इडा."

कुणीही मऊ होईल असंच ते बोलणं होतं. मीही झाले असते. पण गोठ्याच्या भिंतीवर माझ्या नावाच्या पाच रेघा कुणी मारल्या, हे मला आठवलं.

"तुमी मागितला व्हता का?" मी विचारलं.

तिनं विडा माझ्या तळहातावर ठेवला. मी जन्मात पहिल्यांदा सालाचा विडा तोंडात घातला. चुना जास्त झाला होता, जीभ पोळली. मी शेवटपर्यंत चावून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी शिवहारला नवा विडा दिला. कोनाड्यातला पार वाळून गेला होता. पाच खाड्यांचा विषय कुणी काढला नाही. उत्तमराव दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यानं माझं काही अडलं नाही. त्या पाडव्यानंतर आमच्या गावात सात बायकांनी विडा घेतला. आणखी चार जणींना मागूनही मिळाला नाही, त्यातल्या दोघींनी शेण काढणं सोडलं. जिवनबाईनं तर तिच्या अकरा रेघा स्वतःच चुन्यानं पोतून टाकल्या, मालकिणीला न विचारता.

वैशाखात एका दिवशी मी कामाला गेले नाही. लग्न नव्हतं, दुखणं नव्हतं, पाहुणा आला नव्हता. सकाळी उठले आणि वाटलं, आज जायचं नाही. सीमाच्या डोक्याला तेल लावलं, तिची वेणी घातली. दुपारी लिंबाखाली बाज टाकून झोपले, ऊन कलेपर्यंत. शिवहारनं विचारलं, काहून गेली न्हाईस? मी म्हणाले, खाडा पाडून राहिले. तो हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेले तर भिंत कोरी. गोजरबाई दूध काढत होती. मी रेघेचं विचारलं तर ती म्हणाली, राहू दे, एका दिवसाचं काय मोजायचं, तू काय परकी हायेस. पूर्वी हे ऐकून मला बरं वाटलं असतं. मी कोनाड्यातून गेरूचा खडा घेतला.

"न्हाई बाई," मी म्हणाले. "खाडा माझा हाय. त्याचे पैसे कापा."

आणि चुन्याच्या भिंतीवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, मी माझ्या हातानं एक उभी रेघ ओढली. मग टोपलं उचललं आणि कामाला लागले.